सहा पायांचा कोळी

मोजणीचं काम दोघींचं असतं. एकीने चिखलात उतरायचं, भाताच्या चुडाखाली, म्हणजे रोपांच्या झुबक्याखाली, पांढरं ताट तिरकं धरायचं, चुडाला तीन चापट्या मारायच्या आणि ताटात जे पडेल ते पळून जायच्या आत मोजून मोठ्याने सांगायचं. दुसरीने बांधावर उभं राहून ते लिहायचं. आमच्या संशोधन शेतावरचा हा जुना नियम आहे. जी मोजते तिने लिहायचं नाही, कारण बेरीज समोर दिसायला लागली की डोळा आपल्याला हवं तेच बघतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतः करून बसले आहे.

अठरा वर्षं ताईने मोजलं आणि मी लिहिलं. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, पण सगळं शेत तिला ताईच म्हणायचं, मोठे साहेबसुद्धा. मला म्हणायचे पेन्सिल. एक तर मी काटकुळी, आणि दुसरं म्हणजे पेन्सिल कायम कानावर. ताईला लिहिता येत नव्हतं. पण तिचा डोळा असा होता की ताटात वीस किडे पडले तर विसांची जात, वय आणि पळायची दिशा ती एका दमात सांगायची. "तुडतुडे चार, मिशीवाले सहा, कोळी दोन, एक ढालकिडा. लिही पटकन, तो ढालकिडा आता माझ्या बाहीत शिरतोय."

तुडतुडे भाताचे शत्रू. बुंध्याला चिकटून रस शोषतात आणि वाढले की शेत गोल गोल चकत्यांनी करपतं. मिशीवाले म्हणजे हिरवे ढेकूण, ते आपले. ते तुडतुड्यांची अंडी शोधून शोधून खातात. कोळी आणि ढालकिडे तर आपलेच. वहीत दोन रकाने होते, डावीकडे शत्रू आणि उजवीकडे मित्र. शत्रू चुडामागे दहाच्या वर गेले आणि मित्र कमी असले तरच फवारणी. ताईचा सगळा जीव त्या उजव्या रकान्यात होता. बांधावर ती पेंढ्याच्या लहान लहान जुड्या बांधून ठेवायची, कोळ्यांना बसायला. पाठीवर पिल्लं घेऊन निघालेली कोळीण दिसली की मला थांबवायची. "बघ, सगळं घर अंगावर घेऊन चाललीय. तुला एक वही जड होते."

वहीच्या प्रत्येक पानाखाली मोजणाऱ्याची सही लागते. पहिल्या दिवशी कारकुनाने तिच्यापुढे शाईचं पॅड सरकवलं, तर ताई म्हणाली, "अंगठा काय, सगळ्यांनाच असतो." तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, एक ठिपका काढला आणि त्याभोवती आठ रेघा ओढल्या. कोळी! कारकून हसला, पण साहेबांनी तीच सही मान्य केली. अठरा वर्षांच्या वह्यांमध्ये पानोपानी तो कोळी बसलेला आहे.

सात नंबरचा वाफा हा साहेबांचा जीव की प्राण होता. सलग पाच वर्षं त्यावर औषधाचा एक थेंब पडला नव्हता. तुडतुडे यायचे, वाढायचे, आपण घाबरायचो, आणि मग आठ-दहा दिवसांत कोळी आणि मिशीवाले त्यांना गाठायचे. साहेबांना दहा वर्षं पुरी करायची होती. पाहुणे आले की साहेब ताईला पुढे करायचे आणि म्हणायचे, "शेत हिच्या डोळ्यावर चालतं." मी शेजारीच उभी असायची, वही छातीशी धरून. माझ्याबद्दल कुणी वाईट बोलायचं नाही. बोलायचंच नाही.

आता खरं ते सांगते. मला ते झोंबायचं. सख्ख्या बहिणीचं कौतुक झोंबतं हे कबूल करायला जिवावर येतं, पण तसंच होतं.

सात नंबरच्या त्या पाचव्या वर्षी एका सकाळी ताईची दाढ ठणकायला लागली. गाल एवढा सुजला की ती एका डोळ्याने बघत होती. सहाच्या बसने ती दाढ काढायला गेली आणि जाताना म्हणाली, "मोजणी उद्यावर ढकल. एकटीने करू नकोस."

मी एकटीने केली. ऑफिस उघडायचं होतं, बघणारं कुणी नव्हतं. ताट घेतलं, उतरले, चापट्या मारल्या, मोजलं, बांधावर येऊन लिहिलं. तीन चुडांनंतर बेरीज दिसायला लागली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पंधरा, सतरा, सोळा! पाच वर्षांत एवढे तुडतुडे ताईलासुद्धा सापडले नव्हते. मला सापडले होते. अठरा वर्षं 'हिरवे ढेकूण' हे शब्द मी हजारदा लिहिले होते, पण वाकून त्यांची पिल्लं कधी पाहिली नव्हती. पंख न फुटलेलं ढेकणाचं पिल्लू आणि तुडतुड्याचं पिल्लू वरून सारखंच दिसतं. फरक मिशांचा. ढेकणाच्या मिशा लांब असतात, तुडतुड्याला नुसतं कुसळ. मी मिशा बघितल्याच नाहीत. आपले सगळे सैनिक उचलून मी डाव्या रकान्यात टाकले.

सरासरी सोळा. खाली मोजणाऱ्याची सही हवी होती, आणि मी एकटीने मोजलेलं पान चाललं नसतं. मी घाईघाईने ठिपका काढला आणि भोवती रेघा ओढल्या.

साहेब तेव्हा परगावी होते. त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने आकडा पाहिला, खाली ताईचा कोळी पाहिला आणि शंका घेतली नाही. दुपारी सात नंबरवर फवारणी झाली. औषधाने आधी मेले ते कोळी आणि ढेकूण. तुडतुड्यांची अंडी बुंध्याच्या आत, पानाच्या आवरणात सुरक्षित होती. ती आठवड्याने फुटली आणि त्यांना खायला शेतात कुणी उरलं नव्हतं. सोळाव्या दिवशी वाफ्याच्या मधोमध पहिली करपलेली चकती दिसली. पंचविसाव्या दिवशी हिरवं शोधावं लागत होतं.

चौकशी झाली. साहेबांनी वही ताईपुढे उघडून ठेवली आणि विचारलं, "ही मोजणी तुमची?" मी तिच्या मागे उभी होते. ताईने सहीवर बोट ठेवलं आणि नखाने एकेक रेघ मोजली. मीही तिच्याबरोबर मोजली. सहा! मी कोळ्याला सहा पाय काढले होते. आयुष्यभर किडे लिहिलेल्या बाईने कोळ्याचा किडा करून टाकला होता. त्या खोलीत कीटकशास्त्र शिकलेली चार माणसं होती, पण एकानेही ते पाय मोजले नाहीत.

ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "माझीच खूण आहे."

मी तोंड उघडलं नाही. आधी वाटलं, बाहेर गेल्यावर सांगू. मग वाटलं, उद्या सांगू. ताईला कामावरून कमी केलं. आठवड्यात ती आपल्या मुलाकडे शहरात निघून गेली, नवव्या मजल्यावर. बसथांब्यावर तिने पिशवीतून आपलं मोजणीचं ताट काढून माझ्या हातात दिलं. काठाचा टवका उडालेलं ते पांढरं ताट. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "जुड्या बांधत जा."

या गोष्टीला चार वर्षं झाली. साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. मी अजून लिहिते. ताटं बदलली, मोजणाऱ्या बदलल्या. सध्याची मोजणारी चांगली बाई आहे, पण तिला सगळ्याची घाई. मी तिचं नावच घाई ठेवलंय आणि तिला ते आवडतं.

महिन्यातून एकदा ताईशी फोनवर बोलणं व्हायचं. तिचे गुडघे, माझा चष्मा, तिच्या नातवाची शाळा. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. फोन ठेवताना ती दर वेळी विचारायची, "कोळी आहेत ना?" मी म्हणायची, "आहेत." मग आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोलायचो नाही, आणि तो गप्प वेळच मला महिनाभर पुरवावा लागायचा. सकाळी बांधावर उभी राहिले की आजही कान तिच्या आवाजाकडे लागतात. घाई ओरडते "तुडतुडे पाच" आणि मी पुढच्या शब्दांची वाट बघत राहते, तो ढालकिडा बाहीत शिरला का याची. मला ताई हवी होती. बाकीचं सगळं होतं माझ्याकडे, नोकरीसुद्धा. तिनेच वाचवलेली.

या हंगामात मॅडमनी सात नंबर पुन्हा बिनफवारणीचा ठेवला. लावणीला पन्नास दिवस झाले होते. मंगळवारी घाई मोजत होती आणि मी लिहीत होते.

"चौदा! सतरा! पेन्सिल, लिही गं, सोळा! आज तर जत्राच भरलीय."

माझी पेन्सिल थांबली. "मिशा बघितल्यास का?"

"किड्यांच्या? अगं, लग्नाला बावीस वर्षं झाली, मी नवऱ्याच्या मिशा अजून धड बघितल्या नाहीत."

मी वही बांधावर ठेवली, साडी खोचली आणि ताईचं ताट घेऊन चिखलात उतरले. चष्मा पुसून ताटात नाक खुपसलं. पंधरांतले नऊ तरी लांब मिशांचे वाटत होते. वाटत होते! चार वर्षांपूर्वीही मला फार काही वाटलं होतं. वीस चूड पाहिले आणि वर आले ती पूर्ण गोंधळून.

घाईचा आकडा संध्याकाळी मॅडमकडे गेला. सरासरी पंधरा. बुधवारी सकाळी फळ्यावर लागलं, सात नंबर, शुक्रवारी फवारणी.

दुपारी जेवणाच्या सुटीत मी गोदामामागे जाऊन ताईला फोन लावला. महिना भरायचा होता, त्यामुळे तिने उचलल्याबरोबर विचारलं, "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. ती लगेच कामाचं बोलायला लागली, जशी कालच शेतातून घरी गेली होती.

"ताटात पडल्यावर पळतात कसे?"

"काही तिरके सरकतात, उड्या मारतात. पण बरेचसे सरळ धावतात."

"मिशा?"

"लांब. नऊ-दहांच्या तरी."

"कोळी?"

"दोन-तीन, प्रत्येक चुडात. एक पाठीवर पिल्लं घेतलेली."

"मग थांबायला सांग त्यांना. आठ दिवस. ढेकूण चढलेत म्हणजे अंडी संपत आलीत."

"कुणाला सांगू, ताई? मॅडम म्हणतील पेन्सिल लिहायला आहे, तिला डोळा कुठला? मला स्वतःलाच खात्री नाही."

पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं. मग ताई म्हणाली, "डोळा नाही ना तुला? मग डोळा फसतो कसा ते सांग. ते तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे?"

आणि तिने फोन ठेवला. कोळी आहेत का, हे या वेळी विचारलं नाही.

मी पाण्याच्या टाकीला टेकून रडले. चार वर्षांत तिने ती गोष्ट पहिल्यांदा काढली होती, तीही अशी, कामापुरती. मला कळत होतं की घोडं कुठे अडलंय. शेत वाचवायचं तर घाई कशी चुकली ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर मी कशी चुकले ते सांगायला हवं. गप्प बसले तर नोकरी राहणार होती, सात नंबर पुन्हा जळणार होता, आणि ताईला तेही फोनवर सांगावं लागणार होतं.

जुन्या वह्या कपाटात होत्या. मी ती वही काढली, झुरळाने कोपरा खाल्लेली, आणि मॅडमच्या टेबलावर त्या पानावर उघडून ठेवली. शेजारी त्याच वहीतलं आदल्या आठवड्याचं पान.

"मॅडम, दोन्ही सह्यांचे पाय मोजा."

मॅडमना वाटलं बाईला ऊन लागलं. पण त्या मोजायला लागल्या. एका पानावर आठ. दुसऱ्या पानावर सहा. त्यांनी पुन्हा मोजले आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, ती दाढ, एकटीने केलेली मोजणी, मिशा, फवारणी, चौकशी, ताईचं बोट. "परवा फवारलंत तर तेच होईल," मी म्हणाले. "घाईचा दोष नाही. पिल्लं सारखी दिसतात. मला काय करायचं ते करा, पण आधी एकदा स्वतः भिंग घेऊन चला."

मॅडमनी भिंग घेतलं, बूट काढले आणि निघाल्या. दोन तास त्या चिखलात होत्या. घाई ताट धरत होती आणि मी लिहीत होते. तुडतुडे पाच, ढेकूण दहा, कोळी तीन. तुडतुडे सहा, ढेकूण नऊ, कोळी दोन. बाहेर आल्या तेव्हा घाईचा चेहरा पडला होता. मॅडम तिला म्हणाल्या, "उद्यापासून मिशा." आणि माझ्याकडे वळल्या. "फवारणी पुढे ढकलते, आठ दिवस. रोज मोजायचं. आणि त्या जुन्या पानाखाली खरं काय ते लिहायचं, तुमच्या हाताने, आजची तारीख घालून. तुमच्यावर कारवाई होईल, ते मी टाळणार नाही."

"टाळू नका," मी म्हणाले.

"तुमच्या बहिणीचा पत्ता द्या."

त्या आठ दिवसांत माझं वजन दोन किलोंनी उतरलं असेल, आणि उतरायला माझ्याकडे फार नाहीच. तिसऱ्या दिवशी तुडतुडे आठावर गेले. घाई माझ्याकडे बघायची आणि मी ढगाकडे. पाचव्या दिवशी सहा. सातव्या दिवशी चार, कोळी पाच. बांधावरच्या एका जुडीत हात घातला तर चार कोळी चारी दिशांना पळाले. आठव्या दिवशी फळ्यावरची ओळ मॅडमनी स्वतः पुसली. मला एक महिना बिनपगारी आणि फाईलमध्ये एक पत्र मिळालं. पत्र मी वाचून नीट घडी करून ठेवलं. चार वर्षांत मला इतकी गाढ झोप लागली नव्हती.

पण ताईचा काही पत्ता नव्हता. मॅडमनी तिला पत्र पाठवलं होतं, चूक झाली, कामावर या. मी फोन केला, सुनेने उचलला. आई बाहेर गेल्यात. दुसऱ्यांदा केला, आई झोपल्यात. तिसऱ्यांदा करायला हात धजेना. कदाचित ती इतकी वर्षं फक्त माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती आणि मी आधी मॅडमना सांगितलं. कदाचित तिला आता यायचंच नसेल. मी बिनपगारी असूनही रोज सकाळी सहाला बांधावर जायची आणि जुड्या बांधायची. दुसरं काय करणार?

बिनपगारी सुटीच्या बाराव्या दिवशी मी जुडी बांधत होते आणि मागून आवाज आला.

"ढिली बांधलीस. कोळ्याला काय झोळी हवीय?"

ताई! केस पूर्ण पांढरे, हातात काठी, पायात नातवाचे रंगीत बूट. मी उठायला गेले तर ती म्हणाली, "बस, बस, मलाच बसू दे. बसमध्ये बसायला जागा नव्हती." आणि माझ्या शेजारी बांधावर बसली. मला खूप बोलायचं होतं. चार वर्षं वाक्यं जुळवून ठेवली होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, तू का नाही सांगितलंस?"

तिने भाताकडे बघत उत्तर दिलं. "माझ्याजवळ मुलाचं घर होतं. तुझ्याजवळ काय होतं? ही वहीच ना?" मग ती म्हणाली, "राग आला होता गं. खूप आला होता. फवारणीचा नाही. तू मला दर महिन्याला फोनवर गुडघे विचारायचीस, त्याचा."

"आता राहशील?"

"कापणीपर्यंत. मग जाणार. नातवाला शाळेत सोडायला कुणी नाही."

मी मनात मोजलं. एकेचाळीस दिवस. घाई ताट घेऊन आली तेव्हा ताईने माझ्याकडचं टवक्याचं ताट मागून घेतलं, काठी मला दिली आणि घाईच्या खांद्याला धरून उतरली. तीन चापट्या. तिला आता ताट अगदी डोळ्यांजवळ न्यावं लागत होतं, पण आवाज तोच होता. "तुडतुडे दोन, मिशीवाले चार, कोळी सहा. एक चतुर नुसताच बघायला आलाय, त्याला लिहू नको." माझी बिनपगारी सुटी अजून संपली नव्हती. तरी घाईने वही माझ्या हातात दिली आणि मी लिहिलं.

वीस चूड झाले. ताई बाहेर आली, हात पुसले आणि पेन्सिल मागितली. पानाच्या तळाशी तिने ठिपका काढला. मग एकेक रेघ, सावकाश. एक, दोन, तीन. मी वही धरून होते. चार, पाच, सहा. तिथे ती थांबली.

मला वाटलं, हात दुखला. तिने पेन्सिल उलटी करून माझ्यापुढे धरली.

"राहिलेले दोन तू काढ."

मला नीट दिसत नव्हतं, चष्म्याच्या आत पाणी होतं. तरी मी दोन रेघा ओढल्या. एक जरा वाकडी आली. ताईने नखाने सगळे पाय पुन्हा मोजले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वही मिटून माझ्या काखेत दिली.

"चल," ती म्हणाली, "नऊ नंबरचा वाफा राहिलाय."